ब्रँडला तुमची रील हवीय? 'येस' लिहिण्याआधी हे ऐका

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. अडखळणं, खोकणं आणि मागे वाजणारा कुकर काढून टाकलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



"हाय! तुमचा व्हिडिओ आम्हाला खूप आवडला. आमच्या पेजवर आणि मार्केटिंगसाठी वापरला तर चालेल ना? चालत असेल तर खाली हॅशटॅग येस आणि आमच्या ब्रँडचं नाव लिहा." पुढे दोन हृदयं आणि एक हात जोडलेला इमोजी.

असा मेसेज किंवा अशी कमेंट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल, काहींना आलीही असेल. आली की भारी वाटतं, साहजिक आहे. एरवी आपल्या रीलवर मावशी आणि कॉलेजचे चार मित्र सोडून कोणी काही लिहीत नाही, आणि इथे निळी टिक असलेलं अकाउंट स्वतःहून विचारतंय! मेंदूने काही म्हणायच्या आत अंगठा 'येस' टाइप करून मोकळा होतो. आजचा भाग त्या एका शब्दाबद्दल आहे. तो लिहिताना तुम्ही नक्की काय देता, आणि त्यातलं किती तुमचं असतं, एवढंच आज बघू.

जाहिरातवाले या प्रकाराला यूजीसी म्हणतात, म्हणजे यूजर जनरेटेड कंटेंट. (आपल्याकडे यूजीसी म्हटलं की नेटची परीक्षा आणि प्राध्यापकांचा पगार आठवतो. ते यूजीसी वेगळं.) साध्या माणसाने सहज म्हणून मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. ब्रँडला तो का हवा असतो? कारण स्टुडिओतली चकचकीत जाहिरात आपण स्किप करतो, पण कुणाच्या तरी पडवीतला खराखुरा चहा बघत थांबतो. शिवाय कॅमेरा, लाइट, लोकेशन, कलाकार हा सगळा खर्च वाचतो. तो तुम्ही आधीच केलेला असतो.

बोलायला सोपं जावं म्हणून एक व्हिडिओ डोळ्यांसमोर ठेवू. समजा, तुम्ही जुलैत आंबोलीला आजोळी गेलात. बाहेर धो धो पाऊस, पडवीत आजी बशीत ओतून चहा पितेय, एक घोट घेते आणि तोंड वाकडं करून म्हणते, "साखर घालायला विसरलीस." मागे रेडिओवर जुनं भावगीत लागलंय. शेजारचा सात-आठ वर्षांचा मुलगा छत्री उलटी धरून अंगणातून पळतो. एकूण बावीस सेकंद. रील व्हायरल होते आणि एका चहाच्या ब्रँडचा मेसेज येतो.

पब्लिक अकाउंट म्हणजे सार्वजनिक नळ नव्हे

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढू. "पब्लिक टाकलंय ना, मग कोणीही घेऊ शकतं." नाही घेऊ शकत. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यानुसार व्हिडिओ तयार झाला की हक्क आपोआप जन्माला येतो. नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात सी चं चिन्ह टाकावं लागत नाही. कायद्याच्या भाषेत तुमची बावीस सेकंदांची रीलसुद्धा 'सिनेमॅटोग्राफ फिल्म'च असते आणि प्रसिद्ध झाल्यावर तिच्यावरचा हक्क साठ वर्षं टिकतो. 'शोले' असो नाही तर आजीचा चहा, मुदत तीच.

मग इन्स्टाग्रामच्या अटी मान्य करताना आपण काय देतो? मालकी देत नाही. मालकी तुमच्याकडेच राहते, आणि तुमचा मजकूर दाखवायला, साठवायला, पसरवायला एक परवाना तुम्ही त्या कंपनीला देता. तो परवाना प्लॅटफॉर्मला असतो, चहाच्या ब्रँडला नाही. ब्रँडने शेअरचं बटण दाबून तुमची पोस्ट स्टोरीला लावणं ही त्या ॲपमधली सोय झाली. व्हिडिओ डाउनलोड करून, त्यावर आपला लोगो चिकटवून, मागे पैसे लावून जाहिरात म्हणून चालवणं, यासाठी तुमची परवानगी लागते.

यावर अमेरिकेत एक गाजलेला खटला झालाय. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भीषण भूकंप झाला. डॅनिएल मोरेल हा तिथला छायाचित्रकार. त्याने फोटो काढले आणि ट्विटरशी जोडलेल्या ट्विटपिक नावाच्या साइटवर टाकले. दुसऱ्याच कोणीतरी ते स्वतःच्या अकाउंटवर उचलले, तिथून एएफपी या वृत्तसंस्थेने घेतले आणि गेटी इमेजेसमार्फत जगभर पोचवले. एएफपीचं म्हणणं असं की, ट्विटरवर टाकले म्हणजे ट्विटरच्या अटींनुसार वापरायची मुभा आहेच. न्यायालयाने २०१३ च्या जानेवारीत ते म्हणणं फेटाळलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने आठ फोटोंसाठी जवळपास १२ लाख डॉलर द्यायला लावले. फोटो बातमीसाठी वापरले होते, तरी ही गत. जाहिरात तर निव्वळ धंदा.

आता उलट बाजू. कायदा तुमच्या बाजूने आहे तो तुम्ही गप्प आहात तोपर्यंत. एकदा 'येस' लिहिलंत की चित्र बदलतं. परवाना लेखी हवा असं आपला कायदा म्हणतो खरं, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक मजकुरालाही लेखी म्हणून मान्यता दिलेली आहे. त्यामुळे "कमेंटच तर होती" हा बचाव चालेल असं धरून चालू नका. त्या 'येस'सोबत अनेकदा एक लिंक असते. लिंकवर आठ पानी अटी असतात आणि त्या न उघडताच तुम्ही मान्य केलेल्या असतात. माझ्या मते हा या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात लबाड भाग आहे. प्रश्न मैत्रीच्या भाषेत विचारायचा, इमोजी लावून, आणि उत्तर मात्र वकिलाच्या भाषेत मोजायचं.

लीव्ह अँड लायसन्स आठवा

लायसन्स हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. मुंबई-पुण्यात खोली भाड्याने घेतलीत तर अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार केला असेलच. घर मालकाचंच राहतं. तुम्हाला राहायची परवानगी मिळते, ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या भाड्यात, आणि भिंत पाडायची नाही या अटीवर. व्हिडिओचं लायसन्स अगदी असंच. सातबारा तुमच्या नावावर, ब्रँड भाडेकरू.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट असते, असाइनमेंट. ते खरेदीखत. सही केली की मालक बदलला. मेलमध्ये 'असाइन', 'ट्रान्स्फर', 'ऑल राइट्स' असे शब्द दिसले की थांबायचं. बावीस सेकंदांच्या रीलसाठी ब्रँडला खरेदीखत जवळजवळ कधीच लागत नाही. तरी ते मागतात, कारण मागायला काय जातं?

भाडेकरारात बघायच्या गोष्टी ओळखीच्या आहेत. कुठे वापरणार? फक्त त्यांच्या पेजवर, की पैसे लावून चालवलेल्या जाहिरातीत, की टीव्हीवर, होर्डिंगवर, ओटीटीवर? याच्या किमती जमीन-अस्मानाच्या असतात, आणि 'मार्केटिंगसाठी' या एका गोड शब्दात सगळं मावतं. किती दिवस? तीन महिने की 'इन पर्पेच्युइटी', म्हणजे कायमचं? भारतात की जगभर? तुम्हाला तोच व्हिडिओ दुसऱ्याला देता येईल की नाही? 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलं असेल तर नाही देता येणार, आणि कधीकधी स्वतःच्या पेजवर ठेवायचीही पंचाईत होते. आणि 'रॉयल्टी-फ्री' या शब्दाला फसू नका. त्याचा अर्थ दर वापरामागे वेगळे पैसे मिळणार नाहीत, एवढाच. एकरकमी पैसे मागायला तुम्ही मोकळे असता.

आपल्या कायद्यात एक सोय आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ब्रँडने आळसाने दोन ओळींचा मेल पाठवला असेल तर ही रिकामी जागा तुमच्या फायद्याची. खरेदीखताबाबत आणखी एक सोय २०१२ च्या दुरुस्तीने आली. तेव्हा अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेलं माध्यम करारात नाव घेऊन लिहिलं नसेल, तर ते आपोआप दिलं असं होत नाही.

मोठ्या कंपन्या हे नीट कसं लिहितात ते बघायचं असेल तर ॲपलची 'शॉट ऑन आयफोन' स्पर्धा बघा. २०१९ च्या जानेवारीत ती जाहीर झाली तेव्हा जिंकणाऱ्यांना पैसे मिळतील असं कुठे म्हटलेलं नव्हतं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक, आणि होर्डिंगसाठी फोटो फुकट? फोटोग्राफर मंडळींनी आरडाओरडा केला, आणि काही दिवसांतच ॲपलने विजेत्यांना लायसन्स फी देऊ असं स्पष्ट केलं. अटींमध्ये फोटोचा हक्क काढणाऱ्याकडेच राहील आणि ॲपलचा परवाना एक वर्षाचा असेल, असं लिहिलेलं होतं. २०२२ मध्ये त्यांची मॅक्रो फोटोंची स्पर्धा झाली, तिच्या दहा विजेत्यांत आपल्या कोल्हापूरचा एक तरुण होता. कोळ्याच्या जाळ्यावरचे दवबिंदू असा त्याचा फोटो होता. कोल्हापूरचं कोळ्याचं जाळं जगभर फिरलं!

गोप्रोने २०१८ मध्ये वेगळा मार्ग घेतला. नवीन कॅमेऱ्याची जाहिरात लोकांनी पाठवलेल्या व्हिडिओंतून बनवली आणि दहा लाख डॉलर ज्यांचे तुकडे निवडले त्या ५६ जणांत सारखे वाटले. प्रत्येकाला १७ हजार डॉलरच्या वर पडले. म्हणजे लोकांच्या व्हिडिओवर जाहिरात उभी करायची आणि पैसेही द्यायचे, हे जमतं. न जमण्याची कारणं सांगणारा माणूस बहुधा सौदा करत असतो.

"आमच्यासाठी एक रील बनव ना"

हे थोडं थांबून ऐका, कारण इथे नियम उलटा होतो. आतापर्यंत आपण तुम्ही आधीच काढलेल्या व्हिडिओबद्दल बोललो. पण ब्रँडने सांगितलं, "आमचा चहा घेऊन एक रील बनव, चार हजार देतो," आणि तुम्ही बनवलीत, तर? कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं, मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून फिल्म बनवली तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास पहिला मालक तो सांगणारा.

म्हणजे आजीचा सहज काढलेला व्हिडिओ तुमचा, आणि तीच आजी, तीच पडवी, तोच पाऊस, पण ब्रँडच्या ऑर्डरवर पैसे घेऊन काढलात, तर काही न लिहिता मालक ब्रँड. मेलमध्ये एक ओळ टाकली की हे टळतं: "व्हिडिओचा कॉपीराइट माझ्याकडे राहील, तुम्हाला अमुक मुदतीचा वापराचा परवाना असेल." ती ओळ काम सुरू करायच्या आधी गेली पाहिजे. नंतर पाठवलीत तर ती विनंती होते.

फ्रेममध्ये अजून कोण कोण आहे?

आता मुद्द्याचा भाग. पैसे, मुदत यावर सगळे बोलतात. पण अशा व्यवहारात साधा माणूस गोत्यात येतो तो बहुतेक या भागामुळे. व्हिडिओ तुमचा आहे, मान्य. त्यातलं सगळं तुमचं आहे का?

आंबोलीचा व्हिडिओ परत लावा.

पहिलं, फोन कोणाच्या हातात होता? समजा तुम्ही आजीशेजारी बसला होतात आणि शूट मावसभावाने केलं. फोटोच्या बाबतीत कायदा सरळ आहे, ज्याने काढला तो कर्ता. फिल्मच्या बाबतीत कर्ता म्हणजे निर्माता, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. फोन कोणाचा आणि अकाउंट कोणाचं यावर ते ठरत नाही. 'पुढाकार माझा होता' यावरून मावसभावाशी भांडायची वेळ येण्यापेक्षा त्याच्याकडून एक मेसेज घेऊन ठेवा आणि पैशातला वाटाही ठरवा. गणपतीत एकमेकांची तोंडं बघायची असतात.

दुसरी, आजी. कॉपीराइट तुमचा असला तरी चेहरा आजीचा. १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की माणसाचं नाव किंवा छबी त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरणं हा त्याच्या खासगीपणावर घाला आहे. मोठ्या माणसांनी हा हक्क ठासून बजावलाय. तनिष्कच्या जाहिरातीतला अमिताभ आणि जया बच्चन यांचा फोटो एका दुसऱ्या सराफाने होर्डिंगवर लावला, तेव्हा टायटन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये निकाल टायटनच्या बाजूने लागला. आजी सेलिब्रिटी नाही, पण चेहरा तिचाही तिचाच. तिला नीट सांगा की हा व्हिडिओ घरच्यांच्या ग्रुपपुरता राहणार नाही, एसटी स्टँडवरच्या होर्डिंगवर तू दिसशील. मग ती हो म्हणाली तर साध्या मराठीत चार ओळी लिहून सही घ्या. जाहिरातवाले त्याला 'रिलीज' म्हणतात.

त्यात एक ओळ मी सोडणार नाही: आजीच्या तोंडी न बोललेलं काही घालायचं नाही. ब्रँडने उद्या तिच्या चेहऱ्याखाली "या चहाने माझी गुडघेदुखी गेली" असं लिहिलं तर? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीइतकाच शिफारस करणाऱ्यालाही दंड होऊ शकतो, पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत. आजीने चहाची शिफारस केलेलीच नाही, ती तर साखरेची तक्रार करत होती.

तिसरा, छत्रीवाला मुलगा. अठरा वर्षांखालच्याचा करार कायद्यात टिकत नाही, तेव्हा त्याच्या आई-वडिलांची लेखी संमती लागणार. नसेल मिळत तर तेवढा भाग कापा किंवा चेहरा ब्लर करा. (ऐकणाऱ्यांपैकी कोणी स्वतः अठराच्या आत असेल तर तुमच्या व्हिडिओचा करारही आई-बाबांच्या सहीनेच होणार. माहितेय, आवडणार नाही.)

चौथं, रेडिओवरचं भावगीत. इथे खरा सुरुंग आहे. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, शब्द आणि चाल यांचा एक, रेकॉर्डिंगचा दुसरा. रीलला गाणं लावता येतं कारण प्लॅटफॉर्मने संगीत कंपन्यांशी करार केलेत, आणि ते तुमच्या-माझ्या घरगुती वापरासाठी. धंद्यासाठी ते चालत नाहीत. बिझनेस अकाउंटला गाण्यांची यादी एवढीशी का दिसते, ते आता कळलं असेल. अमेरिकेत बँग नावाच्या एनर्जी ड्रिंकने टिकटॉकवरच्या जाहिरातींत गाजलेली गाणी बिनधास्त वापरली. युनिव्हर्सल आणि सोनी या दोन्ही संगीत कंपन्यांनी खटले भरले आणि २०२२ मध्ये दोन्हीकडे न्यायालयाने कंपनीने स्वतः केलेल्या व्हिडिओंसाठी तिला कॉपीराइट भंगाबद्दल जबाबदार धरलं. "टिकटॉकच्या लायब्ररीत गाणं होतं" हे तिथे कामाला आलं नाही.

तेव्हा ब्रँडला व्हिडिओ द्यायचा तर मूळ आवाजाशिवाय द्या, किंवा "मागचं गाणं तुम्ही काढून टाकाल" असं लिहून घ्या. साखरेचा डायलॉग हवाय पण त्याच्यामागे गाणं आहे, अशी अडचण येईल. मग आजीला परत एकदा बिनसाखरेचा चहा द्या. मात्र ते रेकॉर्डिंग ब्रँडच्या सांगण्यावरून होईल. मघाचा कलम १७ चा मुद्दा आठवतोय ना?

टी-शर्टवरचा दुसऱ्या कंपनीचा लोगो किंवा मागे टीव्हीवर चालू असलेली मॅच, हे बहुतेक वेळा ब्रँडचे लोक स्वतःच झाकतात.

हे सगळं एवढं का उगाळतोय? करारात एक परिच्छेद असतो, बहुधा सहाव्या-सातव्या पानावर. त्यात वॉरंटी आणि इन्डेम्निटी असे दोन शब्द असतात. अर्थ असा: "या व्हिडिओतल्या प्रत्येक गोष्टीचे हक्क माझ्याकडे आहेत याची मी हमी देतो, आणि उद्या कोणी दावा केला तर कंपनीचा खर्च मी भरून देईन." पाच हजार रुपयांसाठी तुम्ही, अजून पहिली नोकरी लागायची असताना, एका मोठ्या कंपनीचे जामीनदार झालात! संगीत कंपनीने ब्रँडला नोटीस पाठवली की ब्रँडचं बोट तुमच्याकडे. हा परिच्छेद पूर्ण काढायला ते तयार होत नाहीत, पण दोन बदल मागता येतात. एक, हमी फक्त "व्हिडिओ मी काढला आहे आणि सोबत दिलेल्या व्यक्तींची संमती आहे" एवढ्यापुरती, गाणं आणि लोगो ब्रँडची जबाबदारी. दोन, भरपाईची कमाल मर्यादा मला मिळालेल्या फीएवढी. नाहीच म्हणाले तर मी तरी पैसे सोडून देईन. या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

पैशाचं काय?

सरकारी दरपत्रक नाही, त्यामुळे "किती मागू?" याला एक आकडा सांगता येत नाही. पण आकडा आला की त्याला भागायचं, एवढं नक्की. समजा पाच हजार म्हणाले. तीन महिने, फक्त त्यांच्या पेजवर, तर ठीक असेल. तेच पाच हजार पाच वर्षांच्या सगळ्या माध्यमांतल्या वापरासाठी असतील तर महिन्याला चौऱ्याऐंशी रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात महिन्याचा डेटा पॅक येत नाही. आणि 'कायमचं' असेल तर भागायलाच आकडा नाही.

मला विचाराल तर आधी मुदत कमी करा, मग पैशावर बोला. सहा महिने, वाढवायचं असेल तर तेवढेच पैसे परत. जाहिरात चालली तर ते स्वतःच परत येतील. 'एक्सपोजर मिळेल' म्हणणाऱ्याला विचारा, तुमच्या एजन्सीलाही एक्सपोजरच देता का? आणि चहापावडरचं खोकं पाठवलं तर ते भेट म्हणून घ्या, पण परवान्याची बोलणी वेगळी ठेवा. २०२० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एक माणूस स्केटबोर्डवरून जाताना ओशन स्प्रेचा ज्यूस पीत, जुन्या गाण्यावर ओठ हलवत होता. टिकटॉकवरचा तो व्हिडिओ जगभर गेला. (आपल्याकडे टिकटॉक बंद होऊन तेव्हा तीन महिने झाले होते.) कंपनीने त्याला नवा कोरा लाल ट्रक भेट दिला. छान गोष्ट आहे, पण सगळ्यांच्या नशिबी ट्रक नसतो, आणि ट्रक मिळाला तरी व्हिडिओ किती दिवस वापरणार हा प्रश्न वेगळा उरतोच.

व्हिडिओ जोरात व्हायरल झाला की ब्रँडच्या आधी लायसन्सिंग एजन्सीचे मेसेज येतात. व्हिडिओ आमच्याकडे द्या, आम्ही चॅनलना आणि ब्रँडना विकू, वाटा देऊ. धंदा खरा आहे, लॉस एंजेलिसची ज्युकिन मीडिया २००९ पासून हेच करत आली. पण त्यांचा करार बहुधा एक्सक्लुझिव्ह असतो, म्हणजे पुढे कोणीही विचारलं तर बोट एजन्सीकडे दाखवावं लागतं. पहिल्या दिवशीच्या उत्साहात सही करू नका.

आणि हो, सही होईपर्यंत मूळ फाइल पाठवायची नाही. आधी वॉटरमार्क असलेली कॉपी. ब्रँड पॅन नंबर मागेल, टीडीएस कापेल, ते रीतसर आहे. 'व्हेरिफिकेशन फी' किंवा ओटीपी मागितला तर तो ब्रँड नाही, भामटा आहे.

न विचारताच वापरला असेल तर

रागाने कमेंट टाकायच्या आधी पुरावा गोळा करा, कारण कमेंट दिसली की जाहिरात गायब होते. स्क्रीन रेकॉर्डिंग करा, लिंक आणि तारीख दिसेल असं. तुमची मूळ फाइल फोनमध्ये असेलच, ती हलवू नका. व्हॉट्सॲपवरून फिरलेली कॉपी दबलेली असते आणि तिच्यात कधी, कुठल्या फोनवर शूट केलं ही माहिती उरत नाही. मग ब्रँडला मेल लिहा: हा व्हिडिओ माझा, परवानगी दिलेली नाही, अमुक तारखेपासून वापर दिसतोय, झालेल्या वापराची फी इतकी. प्लॅटफॉर्मकडे कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो, तोही भरा. प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच तर कॉपीराइट कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावायची सोय आहे. ब्रँडचं ऑफिस गुरुग्रामला असेल, तुम्ही सिंधुदुर्गातच बसा.

आणि तुमचाच ब्रँड असेल तर?

ऐकणाऱ्यांत घरचे मसाले, पापड, साबण विकणारे बरेच जण आहेत हे मला माहितेय. ग्राहकाने तुमच्या मसाल्याची मिसळ करतानाचा व्हिडिओ टॅग केला तर हात शिवशिवतात. नियम तुम्हालाही तेच. मोठी आठ पानं नकोत, एवढा मेसेज पुरतो. नोट्समध्ये कॉपी करून ठेवा:

"नमस्कार ताई, तुमचा १२ तारखेचा मिसळीचा व्हिडिओ आम्हाला आमच्या इन्स्टाग्राम पेजवर आणि तिथल्या जाहिरातीत सहा महिने वापरायचा आहे, फक्त भारतात. मागचं गाणं काढून टाकू, लांबी कमी करू, तुमच्या बोलण्यात बदल करणार नाही. व्हिडिओ तुमचाच राहील. त्यासाठी अमुक रुपये देऊ. त्यात दिसणाऱ्या तुमच्या जाऊबाईंचीही हरकत नाही ना, हे त्यांना विचारून कळवाल का? मान्य असेल तर याच मेसेजला तसं उत्तर द्या."

रक्कम मात्र खरी लिहा. तिथे 'अमुक' तसंच ठेवून पाठवू नका.

पुढच्या भागात रीलसाठी बिनधोक वापरता येईल असं संगीत कुठे मिळतं ते बघू. या भागाबद्दल प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, फक्त एक मिनिटाच्या आतली. भेटू!